ओरिजिनल लॉकरमध्ये आहे

माझ्या भावाला कागदपत्रांतलं फार कळतं, असं आमच्या घरात गेली पंधरा वर्षं मानलं जातं. मानणाऱ्यांत पहिला नंबर त्याचाच. दादा न्यू जर्सीत राहतो, मी नेदरलँड्समध्ये उइटहॉर्नला, आणि आई आम्ही दोघं मिळून ठरवू तिथे. बाबा गेल्यावर वर्षाच्या आत दादानं तिच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला. तिनं मागितलं नव्हतं. कार्ड आल्यावर दादानं त्याचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला आणि आईला फोन करून सांगितलं, "आता तुझी काळजी मिटली." तिला कसली काळजी होती हे त्यानं विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

पहिली काही वर्षं ती सहा महिने तिकडे, सहा महिने चिंचवडच्या फ्लॅटमध्ये अशी राहिली. मग दादाच्या लक्षात आलं की रिकामं घर ठेवणं हा शुद्ध बावळटपणा आहे. फ्लॅट भाड्यानं दिला गेला आणि आई दादाकडेच राहू लागली. एजंट दादानं शोधला, अकरा महिन्यांचा करार त्यानं ईमेलवर उरकला, आणि मी "हो, बरंच झालं" असं उत्तर पाठवून माझा वाटा उचलला. भाडेकरू म्हणजे दोन मुली, चिंचवडातल्याच एका हॉस्पिटलात नर्स. एक लातूरकडची, एक सांगलीकडची. "आई, त्यांच्याशी डायरेक्ट बोलत बसू नकोस, त्यासाठी एजंट आहे," असं दादानं बजावलं. आई "बरं" म्हणाली. आई आम्हाला नेहमीच "बरं" म्हणते, आणि त्या "बरं"चा अर्थ होकार असतो असं आम्ही दोघंही शिकलेली माणसं चाळिशी उलटेपर्यंत समजत होतो.

तर ते ग्रीन कार्ड. दहा वर्षांनी त्याची मुदत संपली. नवीन कार्डासाठी दादानं अर्ज केला तेव्हा तिकडच्या खात्याकडून एक पत्र आलं. नवं कार्ड येईपर्यंत हे जुनं, मुदत संपलेलं कार्ड या पत्रासोबत दाखवा, म्हणजे ते चालू आहे असं धरलं जाईल. एका पानाचं पत्र. कार्ड मेलेलं, पत्र जिवंत, आणि दोन्ही हातात असतील तरच आई अमेरिकेत परत जाऊ शकणार. इतकी साधी गोष्ट, सहावीतल्या पोराला कळावी.

इथे आमच्या घराचा एक नियम सांगायला हवा. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. ओरिजिनल कागद कपाटाबाहेर काढायचा नाही, हा त्यांचा नियम. बाहेर जाते ती झेरॉक्स. रेशनकार्ड, जन्मदाखला, दहावीचं मार्कशीट, इतकंच काय, लाइट बिलसुद्धा. माझ्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला ते साक्षांकित प्रतींचे चार संच घेऊन आले होते. खिडकीतल्या माणसानं ओरिजिनल मागितल्यावर बसनं घरी गेले, ते घेतलं, आणि खिडकी बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी परत पोचले. तोवर माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाबांना मात्र आपलं काही चुकलं असं वाटलं नाही. येताना मला म्हणाले, "बघ, घरी नीट ठेवलेलं होतं म्हणून मिळालं." त्या दिवशी मी काय शिकले? काहीही नाही. दादा त्याहून कमी.

गेल्या वर्षी माझ्या हूफडॉर्पच्या ऑफिसात एका मोठ्या प्रोजेक्टचं गो-लाइव्ह होतं, म्हणजे नवी सिस्टीम सुरू व्हायची होती. नवरा आठवड्यातले तीन दिवस आइंडहोवनला. मुलगी नऊ वर्षांची, तिची शाळा तीनच्या आत सुटते. तेव्हा मला अचानक आईची फार आठवण येऊ लागली. ही आठवण गो-लाइव्हच्या तारखांशी किती तंतोतंत जुळत होती याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. मी दादाला फोन केला, दादानं तिकडूनच तिचा शेंगेन व्हिसा काढला, आणि मी तिचं परतीचं तिकीट एकोणनव्वदाव्या दिवसाचं घेतलं. नव्वद दिवस मिळालेत तर वाया कशाला घालवायचे. इथला प्रत्येक मराठी माणूस हेच करतो. आमरसाचं पातेलं निपटून घ्यावं तसा आम्ही व्हिसा निपटतो.

त्या तीन महिन्यांत आईनं काय केलं? नातीला शाळेतून आणलं, स्वयंपाक केला, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या, माझ्या घरातल्या प्रत्येक डब्याला नवी जागा शोधून दिली. नातीशी ती मराठीत बोलायची आणि उत्तरं डचमध्ये ऐकायची. कार्टी तिला येता-जाता "हूफ्ट निट" म्हणायची, म्हणजे "काही गरज नाही". आजी दूध आणायला निघाली, हूफ्ट निट. वेणी घालू का, हूफ्ट निट. आईला ते दोन शब्द आठवडाभरात पाठ झाले. तिसरा शब्द तिला कोणी शिकवला नाही. संध्याकाळी ती आम्स्टल नदीच्या काठानं एकटी चक्कर मारून यायची, आणि रविवारी दुपारी वरच्या खोलीत दार लावून अर्धा-पाऊण तास फोनवर बोलायची. मावशीशी बोलत असेल, असं मी धरून चालले.

निघायच्या आदल्या दिवशी मी स्वतः तिची फाइल तपासली. दादानं केलेली फाइल म्हणजे बघायलाच नको. पारदर्शक कप्पे, प्रत्येकावर त्याच्या अक्षरात लेबल. पासपोर्ट. मुदत संपलेलं कार्ड. आणि त्या पत्राच्या रंगीत झेरॉक्सचे तीन संच, प्रत्येकावर नोटरीचा निळा शिक्का, वर कोपऱ्यात दादाच्या हातचं "ट्रू कॉपी". म्हणजे जे कार्ड मेलेलं, ते ओरिजिनल पाठवलं होतं, कारण हरवलं तरी काय बिघडतं. आणि जे पत्र जिवंत, ज्याच्यावर सगळी मदार, ते कडेकोट बंदोबस्तात मागे ठेवलं होतं. मी तिन्ही संच पाहिले आणि माझ्या मनात काय आलं सांगू? "दादा पद्धतशीर आहे हं." शप्पथ. ऑफिसात चाळीस जणांचं काम तपासून सही करणारी बाई मी.

दुसरा दिवस शनिवार होता. नवऱ्यानं आम्हाला स्किपोल विमानतळावर सोडलं आणि तो मुलीला पोहण्याच्या क्लासला घेऊन गेला, कारण या देशात पोहण्याचा क्लास चुकवणं हे महापाप आहे. काउंटरवर एक उंच डच बाई होती, वयानं माझ्याएवढी. तिनं पासपोर्ट पाहिला, कार्ड पाहिलं, कार्डावरची तारीख पाहिली. मी लगेच पत्र पुढे केलं. तिनं ते हातात घेतलं, उलटं करून पाठची बाजू पाहिली, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ही कॉपी आहे. मूळ पत्र द्या."

"ही नोटराइज्ड आहे," मी म्हणाले.

"हो. नोटराइज्ड कॉपी आहे."

"आमच्याकडे अशा तीन आहेत."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, हसू नव्हतं, असलंच तर थोडं कुतूहल होतं. तीन कॉपी घेऊन फिरणारी आणि मूळ कागद घरी ठेवणारी जमात तिनं याआधी पाहिली नसावी. किंवा रोजच पाहत असेल.

मी म्हटलं, तुमच्या सुपरवायझरला बोलवा. भारतात हे वाक्य कधीकधी चालतं. सुपरवायझर बाई आल्या आणि त्यांनी तेच आणखी थोडक्यात सांगितलं. डच माणूस "नाही" म्हणतो तेव्हा त्याला वाईट वाटत नाही, आणि आपल्यालाही वाटू नये अशी त्याची अपेक्षा असते. मूळ पत्र आणलंत तर नंतरच्या विमानाचं बघू, म्हणाल्या. मागच्या माणसाची ट्रॉली माझ्या टाचेला लागली. आम्ही बाजूला झालो.

आई बॅगांशेजारी उभी होती. तिला सगळं समजलं होतं, पण तिला काही समजत नाही असं धरूनच आम्ही तिच्याशी बोलतो, म्हणून मी म्हणाले, "काही नाही गं, छोटासा इश्यू आहे." आणि तिला एका बाकावर बसवून दादाला फोन लावला.

न्यू जर्सीत तेव्हा पहाट होती. दादानं झोपेतच फोन उचलला. मी "ओरिजिनल" म्हटलं मात्र, त्याचा आवाज खडबडून जागा झाला, आणि तोही अभिमानानं. "ओरिजिनल सेफ आहे गं. बँकेच्या लॉकरमध्ये आहे."

"ते इथे लागतंय."

"इथे म्हणजे?"

"आईच्या हातात, दादा. विमानात बसायला."

मग म्हणाला, "तू नीट समजावून सांगितलं नसशील. नोटरी केलेलं आहे म्हणालीस का?" मग म्हणाला, "त्या काउंटरवाल्यांना रूलच माहीत नसेल." मग म्हणाला, "थांब, मी स्कॅन पाठवतो." ज्या पत्राची रंगीत झेरॉक्स शिक्क्यासकट नाकारली, त्याचा स्कॅन. नाकानं कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण पहाटे पाच वाजता अंथरुणातून सोलणारा हा एकच.

शेवटी बँकेवर गाडी आली. त्याच्या लॉकरची शाखा शनिवारी बंद. सोमवारी तिकडे सुट्टी. मंगळवारी उघडणार, त्यानंतर कुरिअर, म्हणजे गुरुवार किंवा शुक्रवार. आणि आईचा व्हिसा रविवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी संपत होता.

"पण एकोणनव्वदाव्या दिवसाचं तिकीट कोण काढतं?" दादा म्हणाला. "थोडं मार्जिन ठेवायला नको?"

मी काढते. म्हणून मी त्याच्यावर ओरडले. तोही ओरडला. दोन देशांत दोन पगार कमावणारी, दोन्हीकडे शहाणी म्हणून मिरवणारी आम्ही भावंडं, आणि भांडत होतो एका झेरॉक्सवरून. शेजारून लोक आपापल्या बॅगा ओढत शांतपणे जात होते. शेवटी दादा म्हणाला, "मी ॲटर्नीला गाठतो. तोपर्यंत कुठे जाऊ नका." कुठे जाऊ नका म्हणे. जाता येत नव्हतं म्हणून तर फोन केला होता.

मग मी आल्मेरेच्या एका गृहस्थांना फोन केला. इथे दर तिसऱ्या मराठी माणसाला तीन देशांचे इमिग्रेशनचे नियम तोंडपाठ असतात आणि पलीकडच्या दारातल्या शेजाऱ्याचं नाव ठाऊक नसतं. आल्मेरेचे हे गृहस्थ त्यांतले अधिकारी पुरुष. गणपतीत भेटले की आरतीनंतर लोक त्यांच्याभोवती प्रसादासारखे नियम घ्यायला उभे राहतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "चार-पाच दिवस जास्त राहिल्या म्हणून कोणी फाशी देत नाही. पुढच्या व्हिसाला जरा लफडं होईल, इतकंच. पण तुमचं नागरिकत्वाचं ॲप्लिकेशन चालू आहे ना? मग तुमच्या पत्त्यावर तरी नका ठेवू त्यांना. उगाच कशाला."

त्यांचं बोलणं खरं होतं की त्यांनी नुसतेच अकलेचे तारे तोडले होते, मला आजही माहीत नाही. मी ते कधी तपासलंच नाही. मी फोन खाली घेतला आणि आईच्या समोर उभी राहून, तिच्याकडे न बघता, मोठ्यानं म्हणाले, "आणि आमचं ॲप्लिकेशनही नेमकं आत्ताच चालू आहे."

हे वाक्य माझं. दादाला मी या प्रकरणात वाटेल ते बोलले आहे आणि पुढेही बोलेन, पण हे वाक्य त्याचं नाही, नवऱ्याचंही नाही. नव्वद दिवस जिनं माझं घर सांभाळलं, तिला आणखी पाच दिवस घरात ठेवायचं म्हटल्यावर मला आधी आठवला तो माझा होऊ घातलेला डच पासपोर्ट. मला त्याची लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती, तेव्हा मी फक्त वैतागले होते.

आई फाइल मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मला शेजारी बसायला सांगितलं आणि अगदी बँकेत चौकशी करावी तशा आवाजात विचारलं, "इथे मला किती दिवस चालतं?"

"उद्यापर्यंत."

"आणि दादाकडे?"

"ते पत्र येईपर्यंत नाही."

"आणि भारतात जायला काय लागतं?"

"पासपोर्ट," मी म्हणाले.

"तो आहे," आई म्हणाली. आणि मग, "मला आजचं मुंबईचं तिकीट बघ."

"अगं पण जाशील कुठे? घरात भाडेकरू आहेत." हे म्हणतानाही माझा सूर समजूतदार होता. आपल्यालाच काय ते व्यवहाराचं कळतं, असा.

आईनं पर्समधून फोन काढला, चष्मा लावला. नंबर शोधावा लागला नाही, यादीत वरच होता. तिला फोन कानाला लावून नीट ऐकू येत नाही, म्हणून ती नेहमी स्पीकरवर बोलते. तिकडे दुपार होती.

"अगं, ड्यूटी संपली का?"

"हो काकू, आत्ताच आले. चहा टाकलाय. विमानात नाही बसलात का अजून?"

म्हणजे त्या मुलीला आईच्या विमानाची वेळ माहीत होती. रविवारी दुपारी वरच्या खोलीत दार लावून आई कोणाशी बोलायची ते मला तेव्हा कळलं.

मग आई जे म्हणाली ते मी शब्दशः सांगते. "मला चार-आठ दिवस तुमच्याकडे राहता येईल का गं? तुम्हाला अडचण होणार नसेल तर."

स्वतःचं घर. ज्या स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची तिनं गवंड्यासमोर उभं राहून, कोपरं वाकवून, इथपर्यंत असं दाखवून ठरवली होती, ते घर. तिथे राहू का म्हणून ती परवानगी मागत होती, आणि तिची मुलगी शेजारी बसून ऐकत होती.

"या की काकू, विचारताय काय," ती पोरगी म्हणाली. "तुम्ही आतली खोली घ्या, मी हॉलमध्ये झोपते. हिची आज नाइट आहे, ती झोपलीय, उठली की सांगते. उतरताय किती वाजता? तुम्हाला एकटीला टॅक्सीत नाही यायचं, मी येते मुंबईला घ्यायला." किती दिवस, कशासाठी, परतीचं तिकीट आहे का, यांतलं काहीही तिनं विचारलं नाही. मी शेजारी आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि आईनं सांगितलंही नाही.

मी तिकीट काढलं. दुसरं काय करणार होते? तेवढ्यात दादाचा फोन आला. ॲटर्नी शनिवारी फोन उचलत नव्हता. मी बेत सांगितल्यावर दादाचा तोल गेला. "भारतात? वेड लागलंय का तुम्हाला? तिकडे गेली की ती परत यायची नाही. वर्ष उलटलं तर कार्ड जाईल. तिनं अमेरिका सोडून दिली असं धरतात."

आईनं अमेरिकेला सोडलं. किती लागलं असेल अमेरिकेच्या जिवाला.

"दादा," मी म्हणाले, "तुझ्याशी बोलायचंय का तिला, विचारते." आई नको म्हणाली. तिला बॅग उघडायची होती. तिनं तिथेच, लोकांच्या वाटेत, बाकाशेजारी बॅग आडवी घातली आणि न्यू जर्सीच्या नातवंडांसाठी घेतलेलं चीज आणि पाकातल्या वेफर्सचे पुडे वरच्या बाजूला काढून ठेवले. "ह्या मुलींना होतील," म्हणाली. "चीज खातात की नाही कोण जाणे, पण बघतील तरी." नातवंडांचे स्वेटर तिनं माझ्याकडे दिले, कुरिअरनं पाठव म्हणाली. इतक्या वर्षांत मी तिला इतकं भराभर काही ठरवताना पाहिलं नव्हतं. किंवा ती ठरवायची आणि आम्ही पाहत नव्हतो.

मुंबईच्या विमानाच्या काउंटरवर वेगळी बाई होती. तिनं पासपोर्ट पाहिला, बॅग पट्ट्यावर घेतली आणि बोर्डिंग पास दिला. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. पत्र, कार्ड, शिक्का, काही नाही. मी सवयीनं फाइल पुढे केली होती, तिनं ती बघितलीही नाही.

आत जायच्या रांगेपाशी आईनं माझ्या गालावरून हात फिरवला. "जा आता, पोहणं संपलं असेल तिचं," म्हणाली. दोन पावलं पुढे गेली आणि मागे वळून म्हणाली, "आणि तुझं ते ॲप्लिकेशन झालं की कळव हं मला. तोवर घोर लागून राहील." यात टोमणा नव्हता. आईचा टोमणा मला शंभर माणसांतून ओळखू येतो, मारायलाही तिच्याकडूनच शिकले आहे. टोमणा असता तर मी तिथेच फणकारले असते आणि सुटले असते. ती खरंच काळजीनं म्हणाली होती. मी बसनं उइटहॉर्नला परत आले.

त्या चार-आठ दिवसांचे आता दहा महिने झाले आहेत. दादा पहिला महिनाभर मला दोष देत होता, नंतर एजंटला, नंतर त्या मुलींना. भाडेकरूंच्या घरात मालकीण राहते हे कुठल्या करारात बसतं, असं त्यानं एजंटला लिहून विचारलं. एजंटनं उत्तर दिलं, "साहेब, तुमच्या आईच आहेत ना त्या?" हा माणूस मला एकदम आवडू लागला. आई आता रात्रपाळीवाल्या मुलीला डबा करून देते. ती मुलगी सकाळी आल्यावर आधी आईचं बीपी बघते आणि मग झोपते. टीव्हीवरून तिघींची भांडणं होतात. सांगलीवाली आईला परवा म्हणे चक्क दटावत होती, औषधाची गोळी चुकवली म्हणून. हे सगळं मला आई सांगते, आता मी रविवारी दुपारी फोन करते तेव्हा. पुष्कळदा तिचा फोन बिझी लागतो.

माझं ॲप्लिकेशन झालं. गेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या हॉलमध्ये शपथ झाली, एकेक कप कॉफी मिळाली, नवऱ्यानं फोटो काढले. नियमाप्रमाणे भारतीय पासपोर्ट परत दिला. त्यामुळे आता चिंचवडला जायचं तर कागद मला लागतो, आईला नाही. आल्मेरेच्या गृहस्थांनी अभिनंदनाचा मेसेज पाठवला आणि खाली तीन नियम जोडले.

मागच्या आठवड्यात मी आईला फोन करून म्हणाले, या उन्हाळ्यात ये. ऑफिसचं काही नाही, मुलीला सुट्टी आहे, मीही रजा काढते. नुसती ये, काहीही करायचं नाही, नदीकाठी आपण दोघी फिरू. व्हिसाचं मी बघते, महिनाभराचंच काढू, मध्ये भरपूर दिवस ठेवून. मी हे सगळं एका दमात बोलले. मला वाटतं मी थोडी विनवणीच केली.

आई म्हणाली, "अगं, एकीची परीक्षा आहे जूनमध्ये. आणि दुसरीला बघायला पाहुणे यायचेत, तिच्या घरचं इथे कोणी नाही." पाठीमागे कुकरची शिट्टी झाली आणि कोणीतरी हाक मारली. "थांब," आई मला म्हणाली, "मुलींना विचारून सांगते."

तिला मुलगी एकच आहे. ती मी.